लोणवाडे केंद्र, दुसरी बाजू

धुळे, २४ जून १९८९

कुंदाबाई,

तुमच्या केंद्राची कॅसेट काल एस.टी.च्या पार्सलने पोचली. पिशवीत केळीच्या खोडाचं वाळकं सोपट घालून शिवली होतीत, म्हणून धक्के खाऊनही शाबूत राहिली. पहिल्या बाजूवर माझंच भाषण आहे, ते मला ऐकायचं नव्हतं. मी थेट दुसरी बाजू लावली. तुमची माणसं ऐकली.

काय भरलेली खोली होती! बांगड्या, रडणारं पोर, बाहेर मागे सरकणारा ट्रक, "बटन दाबलं का वं?" असं ओरडणारी कोणी बाई. आणि एक खोकणारा माणूस. माझा प्रत्येक प्रश्न तुम्ही वाचलात की हा आधी खोकतो, मग बाकीचे उत्तर देतात. मी त्याला खोकलेबुवा असं नाव ठेवलं आहे. उभं आयुष्य मी सभांमधून बोललो. विरोधक मुद्दाम कसे खोकतात ते मला चांगलं माहीत आहे. हा खोकला विरोधाचा नाही, तंबाखूचा आहे.

आमच्या माती पाठशाळेचा थाट तुम्ही पाहिलेला नाही. धुळ्याच्या चार नंबर गल्लीत एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि मी. महिन्याला एक पाठ बोलायचा, त्याच्या कॅसेट करायच्या आणि धुळे-जळगावच्या गावांना पाठवायच्या. गावाला बोलायचं असेल तर त्याने दुसऱ्या बाजूवर भरून परत पाठवायचं. शेतकऱ्याने शाळेत यायचं नाही, शाळेने त्याच्या खळ्यात जाऊन बसायचं. खालचा शिंपी मला हसतो, म्हणतो, समोर माणूस नाही आणि नाना हातवारे करतात. करतो! हात न हलवता मला बोलता येत नाही.

पण आज पत्र लिहितो आहे ते बांधासाठी. गिरधरभाऊंच्या शेताच्या खालच्या कडेला तुम्ही सगळ्यांनी मिळून बांध घातलात, हे कॅसेटवर ऐकलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. दर पावसाळ्यात सातपुड्याची माती तापीत वाहून जाते. आपण काठावर उभं राहून ती जाताना बघतो आणि मग दुकानातून पोत्यात भरलेलं खत आणतो. रात्री चोराला दार उघडून द्यायचं आणि सकाळी बाजारातून नवी भांडी आणायची, ही कुठली शेती? तुम्ही ते दार लावलंत. तेही एकेकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून.

माझे वडील पांझरेच्या काठी फडावर पाटकरी होते. फड म्हणजे सगळ्या गावाची लागून असलेली जमीन. तिथे सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि नदीच्या बंधाऱ्याचं पाणी पाटकरी सोडील तसं, पाळीने घ्यायचं. कोणी मध्येच पाट फोडला तर वडील त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. "पानी बठ्ठासनं शे," एवढंच म्हणायचे. पाणी सगळ्यांचं आहे. पाटलालासुद्धा त्यांनी हे ऐकवलं होतं. लोणवाड्यात मला तोच फड दिसतो आहे.

खोकलेबुवांना माझा नमस्कार.

रुपचंद देवरे


लोणवाडे, ता. रावेर, ९ जुलै १९८९

आदरणीय नाना,

गुरुवारी सगळे जमले तेव्हा तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. खोकलेबुवा म्हणजे माझे मोठे दीर, गिरधरभाऊ. हे वाचल्यावर भागाबाई इतकी हसली की तिचा चहा सांडला. ती माझ्या शेजारी राहते, केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रकपर्यंत नेते. बटन दाबलं का म्हणून ओरडते ती हीच. ती म्हणाली, "घ्या भाऊ, तुमचा खोकला धुळ्याला पोचला, आता दिल्लीचीच वाट राहिली." गिरधरभाऊ काही लाजले नाहीत. म्हणाले, "नानाले लिव्ह, माहा खोकला फुकट हाये, त्याची फी लावू नका."

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. आमचे हे, जीवराम, केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातात. एक खेप झाली की दुसरी. घरी येतात ते झोपण्यापुरते. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, सातवीपर्यंत शिकले, म्हणून केंद्राचं काम माझ्याकडे आलं. खळ्यातली खोली रिकामी होती, तिथे टेप ठेवला. आता गुरुवारी संध्याकाळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे दिवस मी आणि म्हैस.

बांधाचं सगळ्यांत जास्त सुख मला आहे. गिरधरभाऊंचं शेत वर आणि माझे दोन एकर खाली. दर पावसाळ्यात त्यांच्या शेतातलं पाणी माझ्या शेतावरून धावत नाल्याला जातं आणि माझी माती घेऊन जातं. वरच्या अंगाला आता मुरूम लागला आहे. अजून काही वर्षं असंच गेलं तर केळीच काय, तिथे ज्वारीसुद्धा यायची नाही. गिरधरभाऊ तयार झाले हे त्यांचे उपकार, कारण जागा त्यांची गेली.

तुम्ही कॅसेटमध्ये छातीएवढा उंच सांगितला, तेवढा केला. माती धुमसून घट्ट बसवायला सांगितली, बसवली. वर गवत लावायला सांगितलं, लावलं. तुम्ही सांगितलं तेवढं सगळं केलं, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही.

कुंदा जीवराम पाटील


लोणवाडे, १७ सप्टेंबर १९८९

आदरणीय नाना,

पत्राला उशीर झाला. श्रावणात पाऊस पुष्कळ झाला. बांध जागेवर आहे, कुठेही फुटला नाही. माझ्या शेतातली माती या वर्षी गेली नाही.

या वेळी कॅसेटची दुसरी बाजू कोरी आहे. टेपचं बटन नीट दाबलं गेलं नाही. गिरधरभाऊंना सध्या बरं नसतं, म्हणून ते येत नाहीत. बाकी मंडळी मजेत आहेत. सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुम्ही तब्येतीला जपा. मागच्या पाठात आवाज घोगरा वाटला.

कुंदा


धुळे, ६ ऑक्टोबर १९८९

कुंदाबाई,

बांध फुटला नाही! तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. मी त्यावर अख्खा पाठ बोललो आहे. नंदुरबारपासून चाळीसगावपर्यंत सगळ्या केंद्रांना लोणवाड्याचा बांध ऐकवला. लोकांना सांगितलं, सरकारी योजनेची वाट पाहू नका, इंजिनिअरची पाहू नका, रावेर तालुक्यात केळी वाहणाऱ्या बायांनी जे केलं ते तुमच्या हाताने करा. शिरपूरकडच्या एका केंद्राने कळवलं आहे की या उन्हाळ्यात तेही घालणार. आता तुम्ही दुसरा बांध धरा. एकावर थांबणारी माणसं मला आवडत नाहीत.

कोरी कॅसेट मात्र पाठवत जाऊ नका. तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याला काय फरक पडतो. पडतो. हजारो माणसं पुढे बसलेली असताना बोलायची सवय झालेला मनुष्य मी. समोरच्या चेहऱ्यांवरून पुढचं वाक्य सुचायचं. आता समोर भिंत आहे आणि तिच्यावर कॅलेंडर. बायको होती तेव्हा ती दारात उभी राहून ऐकायची आणि लांबण लागली की भांडं आपटायची. ती गेली. संध्याकाळी कधी कधी मी तुमची जूनची कॅसेट लावतो. पाठासाठी नाही. त्या बांगड्या, तो ट्रक, तो खोकला. घरात माणसं आल्यासारखी वाटतात.

घसा बसतो आहे हे खरं. डॉक्टर म्हणतात, बोलणं कमी करा. त्यांनी ते एकदा नदीला सांगून बघावं.

रुपचंद देवरे


लोणवाडे, ३ डिसेंबर १९८९

आदरणीय नाना,

या वेळी कॅसेट कोरी नाही. सगळ्यांना एकदम बोलायला लावलं की गोंधळ होतो, म्हणून सगळ्यांचे प्रश्न मी एकटीने वाचून दाखवले आहेत. आवाज नीट आला नसेल तर म्हणून इथेही लिहिते.

भागाबाई विचारते, घड काढल्यावर केळीचं खोड शेतातच कुजवायला तुम्ही सांगता, पण त्यात सोंडकिडा धरतो, मग करायचं काय? झिपरूभाऊ विचारतात, ठिबकची नळी घेतली तर पाटाच्या कडेची झाडं वाळतील, त्यांचं काय? गिरधरभाऊ विचारतात, पाणी अडवलं आणि ते फार झालं, तर त्याने जायचं कुठून?

दुसऱ्या बांधाचं पुढच्या वर्षी बघू असं मंडळी म्हणतात.

इथे थंडी पडली आहे. केळीची पानं पिवळी होतात, घड भरत नाहीत. या दिवसांत ट्रकही कमी लागतात, पण ह्यांना कोणीतरी नागपूरच्या संत्र्याची खेप दिली. गुरुवारी मी खोली सारवून ठेवते.

कुंदा


धुळे, २० जानेवारी १९९०

सौ. कुंदाबाई यांना,

या महिन्यापासून पाठ लेखी पाठवत आहे. यंत्र बिघडलं आहे. एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मंडळींच्या प्रश्नांची उत्तरं सवडीने देईन.

रुपचंद देवरे


लोणवाडे, ११ मार्च १९९०

नाना,

तुमचं जानेवारीचं पत्र चार ओळींचं आलं, फेब्रुवारीत तर नुसते पाठाचे कागद. तुम्ही रागावलात हे मला कळलं. खरं काय ते तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार. तरी मी माझ्या हाताने लिहिते.

केंद्रात कोणी येत नाही. श्रावणापासून येत नाही. गुरुवारी मी एकटी बसून तुमची कॅसेट ऐकते.

श्रावणात मोठी झड लागली तेव्हा बांधाने सगळं पाणी धरलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच धरलं. माझ्या शेताचं एक ढेकूळ हललं नाही. पण वर गिरधरभाऊंच्या शेतात पाणी तुंबून राहिलं, दिवसच्या दिवस. बांध फोडावा तर पाणी एकदम सुटून माझी केळी झोपवेल, म्हणून त्यांनी कुदळ उचलली नाही. हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या खालच्या ओळींची मुळं सडली. निसवलेली केळी घडासकट आडवी पडली. नाना, आमच्याकडे केळी निसवली, म्हणजे तिच्यातून घड बाहेर पडला, की तिला दिवस गेलेल्या बाईसारखं जपतात. भाऊ त्या पडलेल्या ओळींतून हिंडत होते आणि मी बांधावर उभी होते, माझं शेत कोरडं घेऊन.

त्या गुरुवारी खोलीत भांडण झालं. लोक म्हणाले, धुळ्याचा मास्तर, त्याला काळ्या जमिनीतलं काय कळतं? कोणी म्हणालं, कुंदाबाईनं आपली माती राखली अन् जेठाची केळी बुडवली. भाऊ खोकले आणि उठून गेले. त्यांच्या मागे एकेक करून सगळे.

मी तुम्हाला कळवणारच होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, की तुम्ही सगळ्या गावांना आमचा बांध सांगितला आणि संध्याकाळी आमची जूनची कॅसेट लावून बसता. मग हात चालला नाही. केंद्र बंद पडलं की टेप धुळ्याला परत करायचा असा शाळेचा नियम आहे, हेही मनात होतं. टेप गेला तर गुरुवारी संध्याकाळी मी काय करू?

डिसेंबरचे प्रश्न मात्र खोटे नव्हते. पिठाच्या गिरणीत, विहिरीवर लोक बोलतात तेच मी उचलून आणले. भाऊंचा प्रश्न त्यांनी मलाच विचारला होता, रस्त्यात, मान वळवून.

आता मुद्द्याचं. भाऊंनी ब्लेडचा ट्रॅक्टर सांगितला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार गडी बदलतात, नवं साल सुरू होतं, त्याच दिवशी बांध सपाट करायचा. ते चुकीचे नाहीत. पण बांध गेला की माझे वरचे वाफे मुरमाला लागतील. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तू अन् दादा पाहून घ्या, माले सकाळी गाडी भरायची हाये."

तुम्ही एक कॅसेट भरून पाठवा. तुमच्या जुन्या मोठ्या आवाजात. मी टेप घेऊन भाऊंच्या ओट्यावर जाईन आणि सगळ्या गावापुढे लावीन. माझं कोणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील.

कुंदा


धुळे, २० मार्च १९९०

कुंदाबाई,

रागावलो आहे. पण तुम्ही समजता त्या कारणासाठी नाही. श्रावणात पाणी तुंबलं आणि ते मला मार्चमध्ये कळतं? मला जपायला मी काय केळीचं रोप आहे? शिरपूरकडची माणसं या महिन्यात तसाच बांध घालताहेत, माझ्या सांगण्यावरून! त्यांना आज सकाळी तार केली. तुम्ही गप्प राहिलात ते माझ्यावरच्या मायेपोटी, हे मला कळतं. पण मायेपोटी शेतं बुडतात, कुंदाबाई. पुन्हा असं करू नका.

आता माझं ऐका. बांधाला सांडवा लागतो. बांधाच्या एका टोकाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दगड रचून केलेली वाट. पाणी तेवढं चढलं की त्या वाटेने निवांत निघून जातं. ना वर तुंबत, ना खाली धावत. पांझरेच्या प्रत्येक बंधाऱ्याला सांडवा आहे. मी त्याच्यावर बसून अभ्यास केला, त्याच्यावरून पोहायला उड्या मारल्या. आणि उंची सांगितली, रुंदी सांगितली, गवत सांगितलं, पण सांडवा हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. का? आमच्याकडे बांध म्हटला की सांडवा आलाच. तिथे तो कोणी कोणाला सांगत नाही. घराला दार ठेवा असं गवंड्याला सांगावं लागतं का? मी तुम्हाला बिनदाराचं घर बांधायला लावलं, आणि तुम्ही माझा शब्द न् शब्द पाळलात. गिरधरभाऊंनी डिसेंबरात नेमकं तेच विचारलं होतं. पाण्याने जायचं कुठून? तो प्रश्न माझ्या टेबलावर पडून राहिला.

त्याचं कारण आता सांगतो. कॅसेट पाठवता येणार नाही. बिघडलेलं यंत्र टेपचं नव्हतं, माझ्या घशातलं होतं. गाठ निघाली आणि जानेवारीत ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. आवाज नाही. घोगरा नाही, बारीक नाही, नाहीच. भाजीवालीला पाटीवर लिहून दाखवतो. तिला वाचता येत नाही, म्हणून बोटाने दाखवतो. खालचा शिंपी आता हसत नाही, हे सगळ्यांत वाईट.

आणि तुमच्या रिकाम्या खोलीचं मला कोणी सांगितलं नाही. डिसेंबरची कॅसेट लावली तेव्हा पहिल्याच वाक्याला कळलं. भरलेल्या खोलीत आवाज माणसांच्या अंगाला लागून मऊ होतो. रिकाम्या खोलीत तो भिंतीवर आपटून परत येतो. तुमचा आवाज परत येत होता. तुम्ही प्रश्न वाचत होता, मध्येच थांबत होता, जणू कोणी उत्तर देईल. मी ती बाजू संपेपर्यंत ऐकली. कळवलं नाही, कारण तुम्ही बोलत होता आणि मी ऐकत होतो, एवढं तरी चाललं होतं.

तेव्हा ओट्यावर तुम्हीच बोला. मी बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी ब्लेड फिरलं असतं, हे आयुष्यभर बोलून मला कळलेलं आहे. भाऊंना सांगा की चूक धुळ्याच्या माणसाची. मग सांडवा कुठे करणार ते सांगा. सोबत आकृती काढली आहे. एक अडचण आधीच सांगतो. सांडव्याचं पाणी कोणाच्या तरी जमिनीतून नाल्याला जाणार. ती जमीन कोणाची, याचं उत्तर खिशात घेऊनच ओट्यावर चढा.

टेप परत पाठवायचा नाही. नियम मीच केला होता, मीच मोडतो.

रुपचंद देवरे


लोणवाडे, ४ मे १९९०

नाना,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. तुम्ही पाटीवर लिहिता हे डोळ्यांसमोरून जात नाही. आता इकडचं लिहिते.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी गेले. ब्लेडचा ट्रॅक्टर भाऊंच्या दारात उभाच होता. मी टेप बरोबर नेला, का ते विचारू नका, हातात काहीतरी हवं होतं. टेप पाहून पोरं जमली, गाणी लागतील म्हणून. त्यांच्या मागे मोठी माणसं. भाऊ ओट्यावर तंबाखू मळत होते.

"लाव," ते म्हणाले. "नानाचं भाषण लाव. आता मोडायचंच हाये, तं ऐकून मोडू."

"नाना बोलत नाहीत, भाऊ. त्यांचा घसा कापला. मीच बोलते."

"तू?"

भागाबाई मागून ओरडली, "बोलू द्या न भाऊ! तिचा चहा पिऊन पिऊन तुमचे दात काळे झाले, तवा नाही म्हटलं."

लोक हसले. टेप ओट्यावर ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या केळीला बांधानं नाही मारलं. बांधाला दार नव्हतं. धुळ्याला ते न सांगता करतात, म्हणून नानांनी सांगितलं नाही. चूक आपली म्हणून त्यांनी लिहून दिलं आहे. दार मी करते, दगड मी आणते."

"अन् दारातून पानी कुठी जाईन?" भाऊंनी विचारलं. "माह्या शेतातून काढशीन अन् कोनाच्या उरावर सोडशीन?"

"माझ्या. कडेची ओळ काढते. तिथून चर नाल्याला नेते."

"ती ओळ निसवली हाये."

"निसवली आहे."

नाना, तुमच्या सभांमध्ये कशी शांतता व्हायची ते मला माहीत नाही. इथे पोरंसुद्धा गप्प झाली. निसवलेल्या केळीवर कोणी आपणहून विळा चालवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मंग मी जाऊ का थांबू?" भाऊंनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "पोळ्यापर्यंत पाहू. माह्या शेतात पानी थांबलं, तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लेड." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आखाजी. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तेव्हा मी ती ओळ कापली. घड अजून कोवळे होते, विकण्याजोगे नव्हते. पहिल्या झाडाला विळा लावताना डोळे मिटले, मग मिटले नाहीत. हे आले होते. खापरावरचे मांडे खाल्ले, बांधावर येऊन उभे राहिले, म्हणाले, "सावकाश कर," आणि संध्याकाळी दिल्लीला गेले. नाल्यातून दगड मी एकटीने वाहिले. तुमच्या आकृतीप्रमाणे मोठे खाली, चपटे वर. चरात मारवेल गवत लावलं.

मदतीला कोणी आलं नाही. यापुढे तुम्हाला खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगते. भागाबाईसुद्धा नाही. तिची मजुरी बुडते आणि भाऊंकडेच ती कामाला असते.

गुरुवारी मी खोलीत बसते. तुमची जुनी कॅसेट लावते. तुमचा तो आवाज आता फक्त माझ्याकडे आणि तुमच्या केंद्रांकडे आहे. जपून ठेवला आहे.

पाऊस लागला आणि सांडवा चालला, तर पत्र लिहिणार नाही. टेप बांधावर नेईन आणि भरून पाठवीन. तुम्हीच ऐकून काय ते ठरवा.

कुंदा


धुळे, १८ ऑगस्ट १९९०

कुंदाबाई,

कॅसेट पोचली. केळीचं सोपट घालायला या वेळीही विसरला नाहीत.

दुपारी खिडकी लावून घेतली आणि ऐकायला बसलो. आधी नुसता वारा. मग तुमचा आवाज, "नाना, हा सांडवा." मग पाणी. दगडावरून दगडावर उतरणारं, न धावणारं पाणी. तुम्ही शहाण्यासारख्या काही बोलला नाहीत, त्याला बोलू दिलंत. पांझरेच्या काठचा मी, आंधळा झालो तरी सांगेन की हे पाणी कुठेही तुंबून आलेलं नाही. उंची बरोबर आहे. वरच्या दगडांपैकी एक हलतो आहे, टक टक असा वाजतो, तो नीट बसवा.

पाणी थांबलं नाही. बाजू संपत आली तेव्हा मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. खोलीत कोणी नव्हतं. वाजवल्या. खालून शिंपी वर आला, काय झालं म्हणून. त्याला पाटीवर लिहून दाखवलं, रावेरात पाणी निघालं. तो पाटी वाचून मान हलवत परत गेला.

पाटीवर लिहिण्याचा आता सराव झाला आहे. शाळा बंद करणार नाही. लेखी पाठ निघतील, पण धुळ्यात बसून बांध दिसत नाही, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. सांडव्याचा पाठ तुम्ही बोला. बांधावर उभं राहून बोला, मागे पाणी असू द्या. मी त्याच्या कॅसेट करून सगळ्या केंद्रांना पाठवतो. शिरपूरला आधी. बोलताना हात हलवायला लाजू नका.

एक गोष्ट राहिली. तुम्ही यंत्र बंद केलंत त्याच्या जरा आधी, पाण्याच्या पलीकडे, वरच्या शेताच्या अंगाला कोणीतरी खोकलं. तुमचं लक्ष गेलं नसेल. मी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. भागाबाई नव्हे, खोकला पुरुषाचा आहे आणि माझ्या ओळखीचा आहे. जूनच्या कॅसेटशी लावून पाहिला.

त्यांना म्हणावं, तंबाखू सोडा. हे मी सांगतो आहे, म्हणून ऐका.

आणि पाठ भरताना त्यांना यंत्राच्या जरा जवळ उभं करा.

रुपचंद देवरे